शुगर ग्लायडर : हौस आणि जबाबदारी

(वन्यजीव सप्ताहानिमित्त अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरात एखादा मुका जीव असावा, ही माणसाची फार जुनी हौस आहे. गोठ्यातली गाय, अंगणातला कुत्रा, चुलीजवळ अंग चोरून बसलेले मांजर यांच्यावाचून मराठी घराचे चित्र पुरे होत नाही. या प्राण्यांची आणि माणसाची सोबत हजारो वर्षांची आहे. त्यांच्या असंख्य पिढ्या माणसाच्या उंबऱ्याशी जन्मल्या आणि तिथेच वाढल्या. माणसाच्या दिवसाशी त्यांचा दिवस जुळला, माणसाच्या ताटातल्या उरल्यासुरल्या घासाशी त्यांचे पोट जुळले. म्हणूनच त्यांना आपण पाळीव म्हणतो.

गेल्या काही वर्षांत मात्र या हौसेने निराळे वळण घेतले आहे. परदेशातून आणलेले सरडे, साप, कासवे, रंगीबेरंगी पोपट यांचा बाजार मोठ्या शहरांत वाढला असून मोबाइलवरील जाहिरातींच्या वाटेने तो तालुक्याच्या गावापर्यंतही पोचू लागला आहे. या बाजारात अलीकडे विशेष मागणी असलेला एक चिमुकला प्राणी म्हणजे शुगर ग्लायडर. तळहातावर मावेल एवढे शरीर, राखी रंगाची मऊ लव, कपाळापासून पाठीपर्यंत गेलेला काळा पट्टा आणि चेहऱ्याच्या मानाने फार मोठे वाटणारे काळेभोर डोळे. असा हा प्राणी सदऱ्याच्या खिशात बसतो, खांद्यावरून उडी घेतो, हातातला फळाचा तुकडा दोन्ही पंजांत धरून खातो. अशी चित्रफीत पाहिली की मुले हट्ट धरतात आणि आईबापही विरघळतात.

हा हट्ट पुरवावा की नाही, हा वरवर पाहता प्रत्येक कुटुंबाचा खाजगी प्रश्न आहे. तथापि त्या निर्णयावर एका जीवाचे दहा-बारा वर्षांचे सुखदुःख अवलंबून असते, आणि ज्याचे सुखदुःख पणाला लागते त्याला त्या निर्णयात मत नसते. यास्तव हा प्राणी कोण, तो कुठला आणि त्याला जगायला काय लागते, एवढे तरी निर्णयापूर्वी माहीत असणे अगत्याचे आहे.

खार नव्हे, कांगारूचा आप्त

शुगर ग्लायडर पाहताच कोणीही त्याला उडती खार म्हणेल. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही रात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारी मोठी उडती खार आहे. दोघांच्याही पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. पण हे साम्य फसवे आहे. आपली उडती खार उंदीर-घुशींच्या कुळातली, तर शुगर ग्लायडर हा शिशुधान प्राणी, म्हणजे कांगारूप्रमाणे मादीच्या पोटावर पिशवी असणारा. उंच झाडांच्या रानात जमिनीवर न उतरता प्रवास करण्याची गरज दोघांनाही पडली आणि निसर्गाने दोन निरनिराळ्या कुळांत एकच युक्ती स्वतंत्रपणे घडविली.

या प्राण्याचे शास्त्रीय नाव पेटॉरस ब्रेव्हिसेप्स असे आहे. प्रौढ प्राण्याचे वजन साधारण ९० ते १५० ग्रॅम भरते. म्हणजे दोन-तीन कोंबडीच्या अंड्यांएवढे. शेपूट शरीराइतकीच लांब असते. फार दिवस ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथील अशा सर्व प्राण्यांची एकच जात मानली जात होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ऑस्ट्रेलियातील प्राण्यांच्या तीन वेगळ्या जाती असल्याचे दाखविले. त्यानुसार खरा शुगर ग्लायडर त्या देशाच्या आग्नेय किनारपट्टीच्या जंगलापुरताच मर्यादित ठरतो. जो प्राणी सर्वत्र विपुल आहे असे समजले जात होते, त्याचे घर अकस्मात लहान झाले.

बाजारात विकल्या जाणाऱ्या प्राण्याचे मूळही तपासून पाहण्याजोगे आहे. विक्रेते त्याला ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणून विकतात. परंतु ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी सस्तन प्राण्यांची जिवंत स्वरूपातील व्यापारी निर्यात बंद ठेवलेली आहे. अमेरिकेतील घरांत पाळलेल्या शुगर ग्लायडरांच्या आनुवंशिक तपासणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्राण्यांचे पूर्वज ऑस्ट्रेलियातून नव्हे, तर इंडोनेशियाच्या ताब्यातील पश्चिम पापुआमधून, सोरोंग शहराच्या आसपासच्या भागातून आले असावेत, असे त्यातून दिसून आले. ‘थेट ऑस्ट्रेलियाहून मागविलेला’ असे जो दुकानदार सांगतो, त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा हे यावरून कळून येईल.

त्याची रात्र, त्याची टोळी, त्याचे झाड

शुगर ग्लायडरच्या जीवनाचे तीन आधार आहेत. रात्र, टोळी आणि झाड. त्याच्या पालनाचा सारा प्रश्न या तिहींपाशी येऊन थांबतो.

तो पूर्णपणे निशाचर आहे. दिवसभर तो झाडाच्या ढोलीत पानांच्या अंथरुणावर झोपतो. ही पाने तो शेपटीच्या वेटोळ्यात धरून वाहून आणतो. अंधार पडला की तो बाहेर येतो आणि पहाटेपर्यंत अन्न शोधत हिंडतो. मोठे डोळे हे त्याचे सौंदर्य नव्हे, ते अंधारात पाहण्याचे साधन आहे.

तो एकटा राहत नाही. सुमारे सात प्रौढ आणि त्यांची पिले अशी एक टोळी एका ढोलीत एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपते. टोळीची ओळख गंधाने पटते. नराच्या कपाळावर व छातीवर गंधग्रंथी असतात. प्रमुख नर आपला गंध टोळीतील प्रत्येकाच्या अंगाला लावतो, आणि ज्याच्या अंगाला तो गंध नाही तो परका ठरतो. थंडी फार असली किंवा अन्न कमी पडले, तर हे प्राणी शरीराचे तापमान खाली आणून दिवसातील काही तास सुस्तावस्थेत घालवितात आणि शक्ती वाचवितात. संकटाच्या वेळी तेथेही शेजाऱ्याची ऊब कामी येते.

पिलाचा जन्म म्हणजे तर एक नवलच. गर्भधारणेनंतर अवघ्या सोळा दिवसांच्या सुमारास पिलू जन्मते. त्या वेळी ते तांदळाच्या दाण्याएवढे असते. ते चढत चढत आईच्या पोटावरच्या पिशवीत जाते आणि पुढचे साठ-सत्तर दिवस तिथेच आचळाला लागून वाढते. पिशवीतून बाहेर पडल्यावरही कित्येक आठवडे ते ढोलीत आणि आईच्या पाठीवर असते. साधारण एका वेळी एक किंवा दोनच पिले होतात.

तिसरा आधार झाड. कातडीचा पडदा पुढच्या पायाच्या पाचव्या बोटापासून मागच्या पायाच्या पहिल्या बोटापर्यंत पसरलेला असतो. चारही पाय ताणून उडी घेतली की तो पतंगासारखा पसरतो आणि प्राणी ५० मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो. शेपूट आणि पाय किंचित वळवून तो दिशा बदलतो. त्याचे अन्नही झाडावरच असते. बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक, निलगिरीच्या सालीला दाताने खाच पाडून पाझरणारा गोड रस, फुलांतील मकरंद व पराग, आणि उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर किडे. या गोड रसाच्या आवडीवरून त्याच्या नावात ‘शुगर’ आले. परंतु तो साखर खाणारा प्राणी आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

पिंजऱ्यातील आयुष्य

आता शहरातील एखाद्या सदनिकेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोन खोल्या, नोकरी करणारे आईवडील, शाळेत जाणारा दहा वर्षांचा मुलगा. वाढदिवसाला त्याने हट्ट धरला आणि घरात एक शुगर ग्लायडर आला. एकच आला, कारण जोडीची किंमत परवडण्याजोगी नव्हती. दुकानदाराने एक लहान पिंजरा दिला आणि ‘फळे घाला, काही त्रास नाही’ असे सांगितले.

पहिल्या रात्रीपासूनच दोन वेळापत्रकांचा झगडा सुरू होतो. मुलगा शाळेतून येतो तेव्हा प्राणी गाढ झोपेत असतो. त्याला बाहेर काढले की तो भेदरतो आणि यंत्र करकरावे तसा कर्कश आवाज करतो. रात्री दोन वाजता सगळे घर झोपलेले असते, तेव्हा तो पिंजऱ्याच्या गजांवर येरझारा घालत असतो. कुत्र्याच्या पिलासारखे त्याचे भुंकणे शेजारच्या खोलीत ऐकू येते. सकाळी पिंजऱ्याभोवती लघवीचा आणि गंधग्रंथींचा उग्र वास असतो. महिन्याभरात मुलाचा उत्साह ओसरतो. पिंजरा बैठकीच्या खोलीतून सज्जात जातो. तेथे दिवसा ऊन असते आणि रात्री वारा.

या घरात कोणीही क्रूर नाही. प्रत्येकाला त्या प्राण्याविषयी प्रेमच वाटत होते. तरीही त्याचे तिन्ही आधार त्याच्याकडून काढून घेतले गेले. एकटेपणाने खचलेला शुगर ग्लायडर स्वतःचेच केस उपटू लागतो. कित्येकदा शेपूट आणि पाय चावून जखमा करून घेतो. पशुवैद्यांच्या परिचयाचे हे लक्षण आहे. माणसाची सोबत दिवसातून अर्धा तास मिळते. तिने टोळीची भरपाई होत नाही.

दुसरे संकट आहाराचे. नुसत्या फळांवर ठेवलेल्या प्राण्याला कॅल्शियम कमी पडते. शरीर ती उणीव हाडांतून भरून काढते, हाडे ठिसूळ होतात आणि एके दिवशी मागचे पाय लुळे पडतात. मालकाला वाटते की प्राणी कुठून तरी पडला असावा. खरे पाहता ते आजारपण कित्येक आठवडे ताटलीतूनच येत असते. उलट गोड व स्निग्ध पदार्थ फार दिले तर तो लठ्ठ होतो आणि दातांचे विकार जडतात. चॉकलेट, कांदा यांसारखे पदार्थ तर त्याला घातकच ठरू शकतात.

आजारी पडल्यावर न्यायचे कुठे, हा तिसरा प्रश्न. आपल्या तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि कुत्री-मांजरे यांच्यासाठी उभे राहिले आहेत आणि ते काम ते चोख करतात. शंभर ग्रॅम वजनाच्या शिशुधान प्राण्याला भूल किती द्यावी, औषधाची मात्रा किती असावी, याचा अनुभव असलेले पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच भेटतात.

आणि शेवटी काळाचा हिशोब. चांगली काळजी घेतल्यास हा प्राणी बंदिवासात दहा-बारा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. वाढदिवसाला त्याला घरी आणणारा दहा वर्षांचा मुलगा तोपर्यंत पदवीधर होऊन कदाचित परगावी नोकरीला लागलेला असेल. हट्ट मुलाचा असला तरी जबाबदारी घरातील मोठ्या माणसांचीच राहते, हे लक्षात घेतले पाहिजे.

कायद्याची बाजू

‘याला कायद्याने परवानगी आहे’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असते. त्यात तथ्य किती, हे अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी नेमके समजून घेणे इष्ट होय.

आपल्या देशातील वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा मुख्यतः भारतातील वन्यप्राण्यांचे रक्षण करतो. पिंजऱ्यातला हिरवा पोपट आजही अनेक घरांत दिसतो, पण तो देशी पक्षी असल्याने त्याला पकडणे, विकणे वा पाळणे हा अपराध आहे. चांदणी कासव, शेकरू, उडती खार यांचेही तसेच. २०२२ मध्ये या अधिनियमात सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा जो करार ‘साइट्स’ या नावाने ओळखला जातो आणि १९७६ पासून भारत ज्याचा सदस्य आहे, त्या कराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्राणी या सुधारणेने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. असे प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करणे बंधनकारक झाले. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले असून ती ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावयाची असते.

शुगर ग्लायडर मात्र साइट्सच्या परिशिष्टांत नाही. त्यामुळे ही नोंदणी त्याला लागू होत नाही. विक्रेता ज्याला परवानगी म्हणतो, ती वस्तुतः यादीत नाव नसणे एवढीच गोष्ट आहे. बंदी नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा होत नाही. परदेशातून कोणताही जिवंत प्राणी आणताना आयातीचा परवाना लागतो, तसेच प्राणी विलगीकरण केंद्रात रोगतपासणी व्हावी लागते. ही वाट टाळून आलेला प्राणी चोरट्या आयातीचा ठरतो. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले विदेशी प्राणी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एकामागून एक पकडले. पिशव्यांत आणि डब्यांत कोंबलेले असे कित्येक जीव वाटेतच गुदमरून मरतात.

देशात जन्मलेल्या प्राण्यालाही कायद्याचे छत्र आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्रमाणे कोणत्याही प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे हा अपराध आहे. याच अधिनियमाखालील २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयास हवी आणि खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवावयास हवी. दुकानाचा नोंदणी क्रमांक आणि प्राणी कुठून आला याचे कागद मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. जो हे कागद दाखवू शकत नाही, त्याच्याकडून घेतलेल्या प्रत्येक प्राण्यामागे आणखी एका प्राण्याची चोरटी आयात उभी असण्याचा संभव असतो.

इतर देशांनीही या बाबतीत सावध धोरण ठेवले आहे. खुद्द ऑस्ट्रेलियात हा प्राणी पाळण्याविषयी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. काही राज्ये परवान्याशिवाय तो पाळू देत नाहीत, तर काही ठिकाणी तो घरी ठेवताच येत नाही. अमेरिकेत त्याची हौस सर्वाधिक आहे, पण तेथेही कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई या राज्यांनी तो पाळण्यास मनाई केली आहे.

टास्मानियाचा धडा

हौस फिटली की प्राणी जवळच्या झाडीत सोडून द्यावा, असा एक सोपा मार्ग अनेकांना सुचतो. त्यात दयेचीही भावना असते. परंतु अशा सोडण्याने काय घडू शकते याचे उदाहरण शुगर ग्लायडरच्या स्वतःच्या इतिहासातच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या दक्षिणेस टास्मानिया हे मोठे बेट आहे. तेथे शुगर ग्लायडर मूळचा नव्हता. १८३५ च्या सुमारास वसाहतवाल्यांनी मुख्य भूमीवरून आणलेले प्राणी तेथे पोचले आणि रानात पसरले. ते माणसानेच तेथे नेले होते या समजाला २०१८ मध्ये आनुवंशिक अभ्यासानेही पुष्टी दिली. कित्येक दशके त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. इतका लहान आणि गोंडस जीव कोणाचे काय बिघडविणार?

याच बेटावर स्विफ्ट पॅरट नावाचा हिरवा, चपळ पोपट घरटी करतो. जगात त्याची वीण फक्त टास्मानियात आणि तिच्या लगतच्या बेटांवर होते. तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो, आणि शुगर ग्लायडरलाही ढोलीच हवी असते. संशोधकांनी ढोल्यांच्या तोंडाशी कॅमेरे लावून पाहिले तेव्हा रात्री हा प्राणी घरट्यात शिरून अंडी, पिले आणि अंड्यांवर बसलेली मादीदेखील खातो, असे आढळले. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या लहान बेटांवर शुगर ग्लायडर पोचलेला नाही, तेथे हीच घरटी सुरक्षित राहतात. जंगलतोडीने आधीच ढोलीची झाडे घटली होती, त्यात हा शत्रू मिळाला. २०१५ मध्ये या पोपटाचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत झाला. आज त्याची संख्या काही शेंच्या घरात असावी असा अंदाज आहे.

यात दोष त्या प्राण्याचा नव्हे. त्याने आपल्या स्वभावाप्रमाणेच वर्तन केले. त्याला जिथे निसर्गाने ठेवले नव्हते तिथे नेणारे हात माणसाचे होते. आपल्या सह्याद्रीत सोडलेला एखादा शुगर ग्लायडर बहुधा काही दिवसांत उपासमारीने किंवा घुबडाच्या पंजाने मरेल. पण असे अनेक सुटले आणि तगले तर काय होईल, याचा प्रयोग आपल्या जंगलांवर करून पाहण्याचे काहीच कारण नाही.

ज्यांच्या घरी तो आलेला आहे

काही घरांत हा प्राणी आधीच आहे. त्यांना दोष देऊन त्या प्राण्याचे भले होणार नाही. त्यांनी पुढील गोष्टी सांभाळल्या तर त्याचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होईल.

त्याला त्याच्याच जातीची सोबत असावी. नर-मादी एकत्र ठेवल्यास अनुभवी पशुवैद्याकडून नराचे निर्बीजीकरण करून घ्यावे, नाहीतर दोनाचे सहा होण्यास वेळ लागत नाही. नवीन सोबती आणताना दोन पिंजरे काही दिवस शेजारी ठेवून गंधाची ओळख होऊ द्यावी, एकदम एकत्र सोडू नये.

पिंजरा रुंदीपेक्षा उंचीला महत्त्व देऊन निवडावा. निदान तीन फूट उंची हवी, आणि जितकी अधिक तितकी चांगली. गजांमधील फट अर्ध्या इंचाहून अधिक नसावी. आत चढण्यासाठी फांद्या आणि झोपण्यासाठी अंधारी कापडी पिशवी किंवा लाकडी ढोली टांगावी. खोलीत थंड वारा किंवा कडक ऊन नसावे. तापमान साधारण २४ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहील असे पाहावे.

अन्न संध्याकाळी, तो जागा होण्याच्या वेळी द्यावे. फळ हा आहाराचा अल्प भाग असावा. प्रथिने, किडे, मकरंदासारखे मिश्रण आणि कॅल्शियम यांचे प्रमाण पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. दिवसा त्याला झोपू द्यावे. त्याच्याशी खेळायचे तर ते दिवे लागल्यानंतर, आणि दारे, खिडक्या, पंखे बंद करून. प्राणी हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण अशा प्राण्यांपासून माणसाला काही जंतुसंसर्ग होऊ शकतात.

आणि तो सांभाळणे अशक्य झाले, तर त्याला रानात सोडू नये. अनुभवी पालक, प्राणिकल्याणाचे काम करणारी जबाबदार संस्था अथवा पशुवैद्य यांच्यामार्फत त्याची योग्य व्यवस्था लावावी.

शाळा आणि पंचायत

या विषयात कायद्याचे हात जिथे पोचत नाहीत, तिथे शिक्षकाचा शब्द पोचतो. मुलाला प्राणी हवा असतो, कारण त्याला प्राण्याविषयी कुतूहल असते, आणि हे कुतूहल मोलाचे आहे. ते दडपू नये, त्याला योग्य वाट दाखवावी. वर्गात एखाद्या मुलाने शुगर ग्लायडरचा विषय काढला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. त्याची रात्र तू जागवशील का? त्याची टोळी तू त्याला देशील का? त्याचे झाड तू घरात उभे करशील का? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मुलगा जे शिकेल, ते पिंजऱ्यापुढे बसून शिकता येणार नाही.

तरंगणारा प्राणीच पाहायचा असेल, तर तो पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या दाट जंगलात आपली उडती खार रात्री बाहेर पडते. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूच्या रक्षणासाठी. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. तो दिवसा वावरतो, त्यामुळे शाळेच्या सहलीतही दिसू शकतो. फांद्यांच्या टोकाशी बांधलेले त्याचे गोल घरटे एकदा पाहिलेला मुलगा ते जन्मभर विसरत नाही.

पंचायत सदस्यांच्या हातीही दोन कामे आहेत. पहिले माहितीचे. गावात किंवा आठवडे बाजारात पोपट, कासव वा अन्य वन्यप्राणी विकण्यास आले, तर त्याची खबर वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर द्यावी. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे स्थापन झालेल्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. दुसरे काम झाडांचे. टास्मानियाच्या कथेत पोपट आणि ग्लायडर या दोघांचाही जीव ढोलीत गुंतला होता. आपल्याकडेही पोपट, पिंगळा, धनेश आणि उडती खार यांची घरे जुन्या झाडांच्या ढोल्यांतच असतात. अशी ढोली तयार होण्यास झाडाला कित्येक दशके जगावे लागते. म्हातारे, पोकळ झालेले झाड निरुपयोगी समजून प्रथम त्याच्यावरच कुऱ्हाड पडते. रस्त्याला किंवा घराला धोका नसेल, तर गायरानातील आणि देवराईतील असे झाड राखून ठेवावे. त्याची नोंद गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करावी. त्याला खर्च काहीच नाही.

पाळणे या शब्दाचा मूळ अर्थ सांभाळणे, रक्षण करणे असा आहे. ज्याला आपण सांभाळू शकत नाही त्याला घरी आणणे म्हणजे पाळणे नव्हे, ते कोंडणे होय. शुगर ग्लायडरला साखर नको, खिसा नको, वाढदिवसाचा कागदी डबाही नको. त्याला त्याची रात्र, त्याची टोळी आणि त्याचे झाड हवे आहे. ते देण्याची खरोखर तयारी आणि ऐपत असलेले घर फार थोडे. उरलेल्या सर्व घरांनी त्याला त्याच्या रानात राहू द्यावे आणि आपल्या रानातील ढोल्या शाबूत ठेवाव्यात.